कुत्र्याच्या डब्यातले कुटके

आमच्या कुत्र्याचं नाव अबे. ते कोणी ठेवलेलं नाही. रस्त्यावरचं पिल्लू, एक दिवस गेटखालून आत घुसलं ते जाईच ना. नवरा शेरू म्हणत होता, लेक पुण्याहून फोनवर काहीबाही इंग्रजी सुचवून राहिली होती, आणि मी दिवसभर "अबे, चप्पल सोड", "अबे, कुंडी उकरू नको" असं ओरडत फिरायची. थोड्याच दिवसांत ते अबे म्हटलं की शेपटी हलवायला लागलं. आता कॉलनीतल्या एका पोट्ट्यानं दुसऱ्याला अबे म्हटलं तरी हे कान टवकारून गेटकडं पळतं.

अमरावतीच्या या कॉलनीत आम्हाला घर बांधून बरीच वर्षं झाली. मी सरकारी कचेरीत अधिकारी, नवरा कॉलेजात शिकवतो. दार उघडलं की समोरच बुद्धाची मोठी मूर्ती, आणि जयंतीला गच्चीवर निळा झेंडा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, ही बाई जात लपवणारी दिसते. मी कधीच लपवली नाही. कोणी तिरकं बोललं तर तिथल्या तिथं परतफेड करते. ऑफिसात माझ्या तोंडाला लागायला लोक कचरतात, आणि त्याचा मला जरा अभिमानच होता.

तर अबेचं खाणं. पाकिटातले दाणे नुसते दिले की त्याचं पोट बिघडायचं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दाणे निम्मे करा, सोबत घरचं काहीतरी भिजवून द्या. आता आमच्या घरी पोळ्या खाणाऱ्यांपुरत्याच होतात, उरणार कुठून? समोरच्या काकूंनी हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी गेटच्या कडीला एक पिशवी लटकली. मग त्यांच्या शेजारच्यांची आली, मग कोपऱ्यावरच्या घराची. सकाळी हाक यायची, "मॅडम, अबेच्या पोळ्या बरं का!" काकू मनानं फार चांगल्या. शेतीवाल्या घरातल्या, माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, तिकडं बागायत. आमच्या बाबांचं गावही त्याच पट्ट्यातलं, पण हा विषय मी काकूंपुढं कधी काढला नव्हता.

त्या पोळ्या-भाकरींचे मी तुकडे करायची आणि गच्चीवर जुन्या चादरीवर पसरायची. आपल्याकडचं ऊन काय सांगावं, दुपारी टाकले की सांजेला कडकडीत. ते एका मोठ्या डब्यात भरून ठेवायचे. संध्याकाळी मूठभर कोमट पाण्यात भिजवायचे, वर दाणे टाकायचे आणि त्यावर भाजलेल्या झिंग्यांची पूड भुरभुरायची. पूड नसेल तर साहेब ताटलीला नाक लावून निघून जातात.

झिंगे म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आणि ते खरं म्हणजे आमच्यासाठीच घरात येत होते. लसूण-तिखट घालून खलबत्त्यात ठेचलेली झिंग्यांची चटणी आणि गरम भाकर, यापुढं मला पंचपक्वान्नं नकोत. पण झिंगे भाजायचे तर खिडक्या लावून. एकदा लावायच्या राहिल्या आणि काकूंनी गेटवरूनच विचारलं, "मॅडम, वास कशाचा हो?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "अबेचं खाणं भाजून राहिली." काकू म्हणाल्या, "किती करता हो त्याच्यासाठी!" रात्री जेवताना नवऱ्यानं ताट पुढं केलं आणि म्हणाला, "अबेचं खाणं वाढ मलेबी थोडं." आम्ही पोट धरून हसलो. मला तेव्हा त्यात हसण्याजोगंच दिसलं होतं.

बाबा अकोल्याला राहायचे, जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडं. बसच्या वर्कशॉपात फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आई गेल्यावर एकटेच. हाताला चव नाही, पण स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत. मग डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आणि गॅस पेटला की विझला हेही त्यांना दिसेना. एकदा बाजूच्या बाईनं वास आला म्हणून धावत जाऊन बटण बंद केलं. ते ऐकलं आणि मी ठरवलं, आता बस झालं, बाबांना इकडंच आणायचं. कायमचं.

पण बाबांना ठरवून कुठं नेता येतं? म्हणाले, "लेकीच्या घरी पाहुना बरा." मी भांडले, रुसले, फोन आपटला. शेवटी इतकं कबूल झालं की ऑपरेशन अमरावतीला करायचं आणि डोळ्यांत औषध टाकणं चालू आहे तोवर माझ्याकडं राहायचं. "तवरक पाहू," ते म्हणाले. "मन लागलं तं राहीन. नाई तं मले बसमध्ये बसवून दे, मंग अडवू नोको."

म्हणून मी काय काय केलं! खालची खोली रिकामी केली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, ऑफिसातून लवकर निघायला लागले. मला बाबा हवे होते. साधी गोष्ट आहे, पन्नाशी उलटली तरी मला बाबा घरात हवे होते, सकाळी उठल्यावर खुर्चीत बसलेले दिसायला हवे होते.

ऑपरेशन नीट झालं, पण बाबा जेवेनात. काळा चष्मा लावून व्हरांड्यात बसून राहायचे, अबे त्यांच्या पायाशी. दोघांचं मात्र जमलं होतं. मी मऊ पोळ्या करायची, वरण-भात, दुधीची भाजी, सगळं पथ्याचं. ते दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. "दवाखान्यावानी लागते व," म्हणायचे. सकाळी काकूंची हाक आली की विचारायचे, "काय देल्लं तिनं?" मी म्हणायची, "काही नाही, कुत्र्याचं खाणं." ते म्हणायचे, "हं. कुत्र्याले काय, ते कोनाचंही खाते."

एक दिवस त्यांनी आपण होऊन आईचा विषय काढला. "तुही माय कुटके करे. आठवते का तुले?" न आठवायला काय झालं? उरलेल्या भाकरीचे तुकडे वाळवून ठेवायचे, म्हणजे कुटके. भाजी नसेल त्या दिवशी लसणाची झणझणीत फोडणी, हळद-तिखट, पाण्याला उकळी आली की कुटके सोडायचे, वर शेंगदाण्याचं कूट, आणि झाकण ठेवून द्यायचं. ताटात वाढल्यावर वरून कच्चं तेल. "ते कर एखांद्या दिवशी," बाबा म्हणाले. "मंग पाहू राहाचं का जाचं." ते थट्टेनं म्हणाले होते, पण मी ते मनावर घेतलं.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. कुटक्यांसाठी वाळलेली भाकर हवी, आणि बाबा आल्यापासून पथ्यापायी आमच्या घरी भाकर झालीच नव्हती. ज्वारीचं पीठ घरात होतं. त्या दिवशी भाकरी थापल्या असत्या, उन्हात टाकल्या असत्या, तर सोमवारी रात्री कुटके झाले असते. एक दिवस थांबायचं होतं फक्त. पण माझा स्वभाव असा की मनात आलं की आत्ता, या घटकेला. मी अबेचा डबा उघडला.

चुकून नाही, समजून-उमजून उघडला. वर मनाची समजूतही घातली की हे तुकडे मीच केले, मीच पाहून वाळवले, चांगल्या घरचं आहे, स्वच्छ आहे, उकळत्या पाण्यात गेल्यावर काय उरतं? तेलाचा हात लागलेल्या पोळ्या बाजूला केल्या आणि फक्त भाकरीचे तुकडे निवडून घेतले. निवडताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. काय हुशार बाई मी, बाबांची इच्छा लगेच पुरी करून राहिली.

आणि आमच्या घराचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. शिळं कोणाकडून घ्यायचं नाही. ताजी वाटी आली तर घ्यावी, आपणही द्यावी, पण शिळं नाही. लहानपणी आम्हाला ती बाबांची अकड वाटायची. आजोबांकडं गावकीचं काम होतं, मेलेली ढोरं ओढण्यापासून सगळं, आणि त्याबदल्यात सांजेला घरोघर फिरून भाकरी मागायच्या. आजी टोपलं घेऊन जायची, बाबा तिच्यासोबत. मग बुद्धाला शरण गेल्यावर आमच्या लोकांनी ते सगळं सोडलं आणि आजीनं टोपलं फेकून दिलं. हे मी भाषणातसुद्धा सांगितलेलं आहे, टाळ्या घेतल्या आहेत. पण त्या रविवारी डब्यात हात घालताना ते टोपलं माझ्या डोक्यातही आलं नाही.

बाबांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "तुह्या मायवानी झालं व," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते हातानं चाचपत भराभरा खात होते, कांदा मागून घेतला, वरून तेल मागून घेतलं. नवऱ्याला म्हणाले, "जवाई, अकोल्याच्या घराले एखांदा भाडेकरू पाहा बरं." नवऱ्यानं माझ्याकडं पाहून भुवया उडवल्या. जिंकलं की मी! आता खालच्या खोलीला कूलर घ्यायचा, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

मग बाबांचा हात मंद झाला. त्यांनी एक तुकडा तोंडात घोळवला, दुसरा बोटांत धरून चुरला. काळ्या चष्म्यामागं डोळे कुठं आहेत कळत नव्हतं.

"ही ज्वारीची हाय," ते म्हणाले. "ही कळन्याची, उडीद टाकलेली. अन् एकीत ओवा हाय. कितीक घरच्या हायेत व ह्या?"

"आपल्याच घरच्या आहेत," मी म्हटलं.

"मी आलो तवापासून आपल्या घरी भाकर झाली नाई, बाई." आवाज अगदी शांत. "एका घरच्या भाकरीची एक चव असते. बारा घरच्या एका घासात आल्या का तोंडाले समजते. मी लहानपनी तेच खाल्लं."

नवऱ्यानं हात थांबवला. त्यालाही मी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अबेच्या डब्यातले आहेत, बाबा. काकू अन् बाजूचे लोक देतात." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, मला त्या वेळी खरंच खाली फरशीकडं पाहत राहावंसं वाटलं.

बाबा ताटावरून उठले नाहीत. त्यांनी उरलेलं सगळं खाल्लं, ताटात पाणी टाकून तेही प्यायले. "भूक लागली होती," म्हणाले, "अन् तू मेहनतीनं केलं." मग हात धुताना म्हणाले, "उद्यापासून त्या बाईले नाई म्हन. काहून म्हून इचारलं तं खरं सांग. कुत्र्याले आपल्या घरची भाकर टाकत जाय." बस एवढंच. ना राग, ना आदळआपट. जायचं नावही काढलं नाही. मला वाटलं, सुटले मी, स्वस्तात सुटले.

सकाळी काकू आल्या. बाबा व्हरांड्यात खुर्चीवर. मी गेटपाशी गेले आणि म्हटलं, "काकू, उद्यापासून पोळ्या नका देऊ."

"का हो मॅडम? आमच्या पोळ्यांनी काही झालं का त्याला?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. आमचे बाबा दुसऱ्या घरचं शिळं या दारात येऊ देत नाहीत, कारण त्यांच्या आईला ते मागून आणावं लागायचं. इतकं सोपं. काकूंनी ऐकून घेतलं असतं, मला खात्री आहे. पण मी त्यांच्याकडं पाहिलं. इस्त्रीची सुती साडी, हातात पिशवी, माहेर अंजनगावकडचं. कोणाला माहीत, यांच्याच कोण्या आजीच्या दाराशी आमची आजी उभी राहिली असेल. आणि माझ्या मनात आलं, हे एकदा सांगितलं की उद्यापासून ही बाई मला मॅडम म्हणेल, पण तिला माझ्या डोक्यावर टोपलं दिसेल. बुद्धाची मूर्ती दिसली तर मला चालत होतं. झेंडा चालत होता. टोपलं नको होतं.

मी हसले. "डॉक्टरांनी बंद केलं हो. आमचं अबे आता मोठं साहेब झालं, फक्त पाकिटातलं खाते."

काकूही हसल्या. "बरं झालं सांगितलं. मग शिळ्या पोळ्या भांडेवालीला देत जाईन."

आणि मी म्हटलं, "हो, द्या ना."

घरात आले तर बाबा भिंत धरत धरत खोलीत गेले होते, पिशवीत कपडे कोंबत होते. मी म्हटलं, "बाबा, कालचं मनात धरलं का? चुकलं माझं. मी पाया पडते."

"कालचं नाई व," ते म्हणाले. "काल तू मले भुकेपायी देल्लं. माह्या मायनंबी भुकेपायीच देल्लं होतं. त्याच्यात काय रागावाचं?"

"मग?"

"तू त्या बाईपुढं माह्या मायले लपवलं." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "तिनं टोपलं फेकलं तवा सारं गाव पाहत होतं. चुलीत लाकूड नोतं, घरात दाना नोता, तरी फेकलं. ते सांगाची तुले लाज वाटते? अन् वरून म्हनतेस, द्या भांडेवालीले."

बाबा चाचपत पिशवीची चेन शोधत होते, त्यांना सापडत नव्हती, आणि मीच ती लावून दिली.

"जिथं माह्या मायले लपून राहा लागते तिथं मी कसा राहू?" ते म्हणाले. "सांगशील त्या बाईले खरं, त्या दिवशी येतो. बोलवालेबी नोको येऊ, मी आपला बसनं येतो."

बसनं जायचा त्यांचा हट्ट होता, पण त्या डोळ्यांनी कसं पाठवणार? नवऱ्यानं गाडी काढली. मी औषधाच्या बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. अबे गाडीमागं कॉलनीच्या टोकापर्यंत पळत गेलं आणि जीभ काढून परत आलं.

ते माझ्यावर चिडलेले नाहीत, हेच मला झेपत नाही. फोन केला की लगेच उचलतात, अबेची चौकशी करतात, काय जेवलीस विचारतात. गॅसचं बटण आता त्यांना स्वच्छ दिसतं म्हणे. मी सुट्टीच्या दिवशी अकोल्याला जाते, भाकरी आणि झिंग्यांची चटणी नेते, ते चवीनं खातात. निघताना मी म्हणते, "चला ना बाबा." ते विचारतात, "सांगतलं का तिले?" मी रिकामे डबे पिशवीत भरू लागते. मग तेच विषय बदलतात आणि बस चुकेल म्हणून मला उठवतात.

भांडेवाली काकूंकडची आणि आमच्याकडची एकच आहे. आमच्यापैकीच, आमच्याच विहारात येते. दुपारी ती तिकडून निघते तेव्हा तिच्या हातात ती पिशवी असते. मी घरी असले तर खिडकीतून दिसते आणि मी आत वळते. तिला काय म्हणू? नको घेऊ म्हणू? ती विचारेल, काहून.

परवा संध्याकाळी अबेला फिरवायला काढलं तर काकू गेटवर उभ्या. "मॅडम, बाबा गेले वाटतं? इतकी छान खोली केली होती तुम्ही. मन नाही लागलं का त्यांचं?"

त्या खरंच थांबल्या होत्या, उत्तरासाठी. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"म्हातारी माणसं, काकू," मी म्हटलं. "अकोल्याशिवाय करमत नाही त्यांना."

"तसंच असतं हो," काकू म्हणाल्या, आणि मी मान डोलावली.